सरकीचे तेल व ‘ई’ जीवनसत्त्व

अमरावती व अकोला हे जिल्हे कपाशीचे. रुई काढून घेतल्यावर जी सरकी उरते, तिच्या तेलात ‘ई’ जीवनसत्त्व विपुल असते. या जीवनसत्त्वाचा शोध १९२२ साली अमेरिकेत इव्हान्स व बिशप यांनी लावला. शरीरातील स्निग्ध द्रव्ये प्राणवायूच्या क्रियेने बिघडू न देणे, हे त्याचे मुख्य कार्य होय.

यावरूनच ते वार्धक्य लांबविते, असा समज पसरला. परंतु त्याच्या गोळ्यांनी आयुष्य वाढते, हे सिद्ध झालेले नाही. उलट, अधिक मात्रेने रक्त गोठण्याची क्रिया मंदावते. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून गोळ्यांवर पैसा खर्च करू नये. शुद्ध केलेले सरकीचे तेल, भुईमूग व पालेभाज्या आहारात ठेवाव्यात. तळणाचे तेच तेल पुनःपुन्हा तापविल्यास हे जीवनसत्त्व नष्ट होते.

सरकीत गॉसिपॉल नावाचे विषारी द्रव्यही असते. ते शुद्धीकरणात निघून जाते. यास्तव सरकीचे कच्चे तेल खाऊ नये. रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावरांना बेताने दिलेली सरकी व ढेप मानवते. कोवळी वासरे व कोंबड्या यांना मात्र कच्ची सरकी घालू नये. ग्रामसेवकांनी ही गोष्ट घरोघरी समजावून द्यावी.