चिनी आजीबाईचा बटवा

बालमित्रांनो, पावसात चिंब भिजून घरी आलात की आजी काय करते? आधी पंचाने डोकं खसाखसा पुसते, चार शब्द रागावते आणि मग आल्याचा गरमागरम काढा पुढे करते. होय ना? आता गंमत ऐका. तिकडे दूर चीनमध्ये एखादा मुलगा असाच भिजून आला, तर त्याची आजीही हेच करते! आलं ठेचून पाण्यात उकळते, त्यात आपल्या गुळासारखी तांबूस साखर घालते आणि म्हणते, "पी मुकाट्याने!"

चीनमध्ये वैद्यकाची फार जुनी परंपरा आहे. तिथले वैद्य म्हणत, शरीरात 'ची' नावाची शक्ती वाहत असते. 'यिन' म्हणजे थंड आणि 'यांग' म्हणजे उष्ण. या दोघांचा तोल सांभाळला की माणूस निरोगी राहतो. आपल्याकडे नाही का, "पपई उष्ण, काकडी थंड" म्हणतात? तसंच काहीसं. आता ही 'ची' कुठल्या यंत्रात दिसलेली नाही, पण या विचारातून ज्या रोजच्या सवयी लागल्या, त्या मोठ्या पाहण्यासारख्या आहेत. चला तर, या चिनी आजीबाईचा बटवा उघडू या. मात्र एक अट आहे. बटव्यातली प्रत्येक वस्तू पारखून घ्यायची!

पाणी आणि पेज

चीनमध्ये पाहुण्यापुढे पाणी येतं तेही गरम! घरोघरी थर्मास असतो. आगगाडीच्या डब्यातसुद्धा उकळत्या पाण्याचा नळ असतो. जुने लोक म्हणत, गार पाणी पोटाला बाधतं. पण खरा फायदा वेगळाच आहे. पाणी उकळलं की त्यातले जंतू मरतात आणि जुलाबासारखे आजार टळतात. 1950 च्या दशकात तिथल्या सरकारनेही उकळलेलं पाणी प्या, असा प्रचार केला.

कुणी आजारी पडलं की 'चौ' शिजतो. घाबरू नका, ही आपली तांदळाची मऊ पेज! कोकणातल्या मुलांना तिची ओळख करून द्यायला नको. उन्हाळ्यात हिरव्या मुगाचं पातळ सार गार करून पितात. खोकला झाला तर नासपती खडीसाखर घालून वाफवतात. पोटाला हलकं आणि घशाला मऊ, म्हणून या वस्तू बटव्यात राहू द्या.

वाघ, हरीण, अस्वल, माकड आणि पक्षी

सुमारे 1800 वर्षांपूर्वी चीनमध्ये ह्वा त्वो नावाचे नामांकित वैद्य होऊन गेले. रोजच्या वापरातली दाराची बिजागरी जशी गंजून बसत नाही, तसं हलतंफिरतं शरीर आजारी पडत नाही, असं त्यांचं मत होतं. म्हणून त्यांनी पाच प्राण्यांच्या हालचालींवरून एक व्यायाम शिकवला. वाघासारखं झेपावायचं, हरणासारखी मान वळवायची, अस्वलासारखं डुलायचं, माकडासारखं चपळ व्हायचं आणि पक्ष्यासारखे पंख पसरायचे. आहे की नाही मजा?

असाच दुसरा प्रकार म्हणजे 'बा द्वान चिन'. त्यात आठ हालचाली असतात. आजही चीनमधल्या बागांतून सकाळी आजी-आजोबांचे घोळके हा व्यायाम करताना दिसतात. त्यातल्या तीन हालचाली तुम्हीही करून पाहा.

1. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफा, तळवे वर करा आणि आभाळ उचलल्यासारखे हात सावकाश वर न्या. श्वास घ्या. हात खाली आणताना श्वास सोडा.

2. पाय फाकवून थोडे वाका आणि धनुष्य ओढल्याचा अभिनय करा. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. नजर बाणाच्या टोकावर!

3. टाचा उचलून चवड्यांवर उभे राहा आणि हलकेच टाचा खाली टेकवा. असं सात वेळा.

घाई करायची नाही. ही शर्यत नव्हे, बरं का!

डोळ्यांची कवायत

आता एका चिनी शाळेत डोकावू या. मधल्या वेळेत ध्वनिक्षेपकावर संगीत लागतं. सारी मुलं डोळे मिटून बसतात आणि भुवयांच्या टोकाशी, नाकाच्या बाजूला, कानशिलांवर बोटांनी हलकेच दाबतात. ही डोळ्यांची कवायत 1963 साली बीजिंगच्या शाळांत सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. हेतू एकच, मुलांना चष्मा लागू नये.

मग चष्मे कमी झाले का? नाही ना! चीनमध्ये चष्मा लागलेली मुलं वाढतच गेली. कवायतीने डोळ्यांना घटकाभर विसावा मिळत असेल, पण नंबर काही थांबत नाही.

इथे मला माझ्या वर्गातली गोष्ट सांगायलाच हवी. चौथीतला एक मुलगा फळ्यावरचं सोडून नेहमी शेजाऱ्याच्या वहीतलं उतरवून घ्यायचा. मला वाटलं, आळशी आहे. मी रागावलेसुद्धा. मग कळलं, त्याला फळाच नीट दिसत नव्हता. घरच्यांनी मोबाइलवर हीच कवायत पाहिली होती आणि नंबर आपोआप जाईल, या आशेवर ते त्याच्याकडून ती रोज करून घेत होते. त्यात सहा महिने गेले. अखेर त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं आणि चष्मा लागला. दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन म्हणतो कसा, "बाई, चिंचेच्या झाडाची पानं सुटीसुटी दिसतात!" मला मात्र माझं रागावणं आठवून वाईट वाटलं.

चीनमधल्याच संशोधकांनी मग वेगळा प्रयोग केला. 2010 साली ग्वांगचौ शहरात पहिलीची मुलं असलेल्या 12 शाळा निवडल्या. 6 शाळांतल्या मुलांना रोज 40 मिनिटांचा जादा तास उघड्यावर दिला. बाकीच्या 6 शाळांत काहीच बदल केला नाही. तीन वर्षांनी डोळे तपासले. नेहमीच्या शाळांत शंभरातल्या सुमारे 40 मुलांना लांबचं अंधुक दिसू लागलं होतं. मैदानावर जाणाऱ्या शाळांत सुमारे 30 मुलांना! म्हणजे डोळ्यांचं खरं औषध मैदानावरच्या उजेडात होतं. पालकहो, खेळाचा तास गणिताला देऊ नका, असं आम्ही शिक्षकांनीही आता स्वतःला बजावायला हवं.

खवले मांजराच्या पोटात काय?

तपासून पाहण्याची ही सवय चीनमध्ये नवी नाही. ली शीचेन नावाच्या वैद्यांनी 27 वर्षं खपून औषधांचा एक प्रचंड ग्रंथ 1578 साली पुरा केला. त्यात 1892 औषधी वस्तूंची माहिती आहे. जुन्या पुस्तकातलं ते जसंच्या तसं उतरवून घेत नसत. खवले मांजर मुंग्या खातं म्हणतात, ते खरं का? त्यांनी एका खवले मांजराचं पोट तपासलं. आत मुंग्याच मुंग्या!

पण याच प्राण्याच्या खवल्यांना औषध मानल्यामुळे पुढे त्याच्यावर मोठं संकट आलं. खवले ज्या द्रव्याचे बनतात, त्याचीच आपली नखं असतात. म्हणजे खवले खाणं आणि नखं खाणं सारखंच की! तरी त्यासाठी आपल्या कोकणातल्या खवले मांजरांचीही चोरटी शिकार झाली. अखेर 2020 साली चीनने आपल्या औषधांच्या अधिकृत यादीतून हे खवले काढून टाकले. बटव्यातली ही वस्तू आपण फेकूनच देऊ.

गार पाण्यातलं गुपित

आता बटव्यातलं रत्न पाहा. 1967 साली चीनमध्ये हिवतापावर औषध शोधण्याचं काम सुरू झालं. पुढे त्यात तू यूयू या संशोधक बाई आल्या. ('तू' हे त्यांचं आडनाव बरं का!) त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दोन हजारांवर जुने नुस्खे गोळा केले. छिंगहाव नावाच्या वनस्पतीकडून आशा वाटत होती, पण गुण कधी येई, कधी येत नसे.

बाईंनी पुन्हा जुनी पुस्तकं उघडली. सुमारे 1600 वर्षांपूर्वीच्या एका वैद्याने ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून रस घ्यायला सांगितलं होतं. उकळायला नव्हे! बाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. उष्णतेनेच गुण मरत असेल तर? मग त्यांनी ईथर वापरून, फार न तापवता अर्क काढला. 1971 साली उंदरांवर तो पूर्ण लागू पडला. माणसांना देण्याआधी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तो स्वतः घेऊन पाहिला. त्यातून आर्टेमिसिनिन हे औषध मिळालं. त्याने लाखो माणसांचे प्राण वाचवले आणि 2015 साली तू यूयू यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

पण म्हणून त्या पाल्याचा चहा पिऊन हिवताप बरा होतो असं समजू नका. औषधाचं माप चहात ठरत नाही. बेल्जियममध्ये 1990 च्या सुमारास वजन घटवायच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी चुकून दुसरीच विषारी वनस्पती गेली आणि शंभराच्या आसपास बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली. वनस्पती म्हणजे निर्धोक, असं नसतं.

तेव्हा मुलांनो, उकळलेलं पाणी, मऊ पेज, आल्याचा काढा, सकाळचा व्यायाम हे सारं खुशाल घ्या. मोठ्यांना विचारल्याशिवाय कुठलीही पुडी, गोळी, बाटली घेऊ नका. ताप उतरत नसेल, फळा दिसत नसेल, तर लपवू नका. लगेच घरी आणि शाळेत सांगा आणि डॉक्टरांकडे जा.

आणि उद्या सकाळी आजीला घेऊन अंगणात उभे राहा. आधी आभाळ उचला, मग धनुष्य ओढा. बघा, आजीला जास्त चांगलं जमतं की तुम्हाला!