हैदराबादच्या तिकिटाचा हिशेब

नांदेड, देगलूर, उदगीर, लातूर या भागांतून शिक्षणाला, नोकरीला, दवाखान्याला हैदराबाद गाठायची वाट मराठवाड्यात पिढ्यांची आहे. रेल्वेने सिकंदराबाद, काचीगुडा नाहीतर नामपल्लीला उतरायचं, किंवा एसटीने थेट महात्मा गांधी बसस्थानक (एमजीबीएस) गाठायचं. तिथवरचं तिकीट सगळ्यांना कळतं. गोंधळ उडतो तो त्यापुढे. शहरात वाहतुकीच्या तीन व्यवस्था आहेत आणि तिन्हींचं तिकीट वेगळं: आरटीसीची बस, मेट्रो आणि एमएमटीएस ही लोकल. काय स्वस्त पडेल हे अंतरापेक्षा वाटेत किती वेळा वाहन बदलावं लागतं यावर जास्त ठरतं. तो बदल आधी मोजला की बाकीचा हिशेब सोपा होतो.

सुरुवात बसपासून करू, कारण गल्लीबोळांपर्यंत पोचते ती तीच. निझामाच्या रेल्वेने १९३२ साली २७ बसगाड्यांनिशी ही सेवा सुरू केली, तेव्हा मराठवाडाही त्याच राज्यात होता. आज ती तेलंगणाच्या महामंडळाकडे, टीजीएसआरटीसीकडे आहे. लोक नुसतं आरटीसी म्हणतात. बायका पुढच्या दाराने चढतात, त्यांची आसनंही पुढेच असतात. सिटी ऑर्डिनरी ही साधी गाडी, मेट्रो एक्स्प्रेस मोजके थांबे घेणारी आणि मेट्रो डिलक्स त्याहून वरची. नावात मेट्रो असली तरी या दोन्ही बसच आहेत. नव्या माणसाने हे पक्कं लक्षात ठेवावं, कारण पुढे पासाचे दर याच नावांनी लिहिलेले दिसतात.

बसचं भाडं स्टेजवर चालतं. एका स्टेजमध्ये दोन-तीन थांबे येऊ शकतात आणि ती ओलांडली की भाडं वाढतं. ६ ऑक्टोबर २०२५पासून ऑर्डिनरी आणि मेट्रो एक्स्प्रेसच्या भाड्यात पहिल्या तीन स्टेजपर्यंत ५ रुपये आणि चौथीपासून पुढे १० रुपयांची भर पडली. डिलक्सला ही १० रुपयांची वाढ दुसऱ्याच स्टेजपासून लागते. इलेक्ट्रिक बसगाड्यांच्या खर्चासाठी ही वाढ केल्याचं सांगण्यात आलं. आता मुद्द्याची गोष्ट: बस बदलली की स्टेजची मोजणी पुन्हा पहिलीपासून सुरू होते. म्हणजे एका बसने लांब जाणाऱ्यापेक्षा दोन बसने तेवढंच अंतर जाणाऱ्याला जास्त पैसे पडतात. सुटे पैसे जवळ ठेवा आणि थांब्याचं नाव स्पष्ट सांगा. तेलुगू येत नसेल तर हिंदीत बोला, या शहरात ती सर्रास चालते.

महिलांचा हिशेब निराळा आहे. ९ डिसेंबर २०२३पासून महालक्ष्मी योजनेखाली तेलंगणात राहणाऱ्या महिला, मुली आणि तृतीयपंथी व्यक्तींना ऑर्डिनरी आणि मेट्रो एक्स्प्रेस बसचा प्रवास मोफत आहे. तेलंगणातला पत्ता असलेलं मूळ ओळखपत्र दाखवावं लागतं. झेरॉक्स किंवा फोनमधला फोटो पुरत नाही. प्रवास फुकट असला तरी कंडक्टरकडून शून्य रुपयांचं तिकीट घ्यायचंच, कारण त्या तिकिटांच्या हिशेबावरच सरकार महामंडळाला पैसे देतं. डिलक्सला आणि विमानतळाच्या पुष्पक बसला ही सवलत नाही. आपल्याकडे १७ मार्च २०२३पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट मिळतं, त्या सवयीने लातूरची मावशी हैदराबादच्या बसमध्ये बसली तर तिला पूर्ण भाडं द्यावं लागेल. ज्या मुली नोकरीसाठी तिथे स्थायिक झाल्या आहेत, त्यांनी आधारवरचा पत्ता बदलून घेण्याचं काम आधी करावं. महिन्याकाठी त्याने जी बचत होते ती कुठल्याही पासाने होणार नाही.

मेट्रो २८ नोव्हेंबर २०१७ला सुरू झाली. तिचे तीन मार्ग आहेत. लाल मार्ग मियापूर ते एल. बी. नगर, निळा नागोल ते रायदुर्ग आणि हिरवा जेबीएस परेड ग्राउंड ते एमजीबीएस. अमीरपेट, परेड ग्राउंड आणि एमजीबीएस इथे मार्ग बदलता येतो, आणि बसहून ती वेगळी ठरते ती इथेच. मार्ग कितीही वेळा बदला, फाटकाबाहेर आला नाहीत तोवर तिकीट एकच. सुलतान बाजारहून रायदुर्गला निघालेला माणूस हिरव्यावरून निळ्यावर जातो, पण पैसे एकदाच भरतो. मे २०२५मध्ये, सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच, भाडं वाढलं. १२ ते ७५ रुपये ठरले होते; आठवड्याभरात कमी करून ते ११ ते ६९ केले. दोन किलोमीटरपर्यंत ११ रुपये म्हणजे किलोमीटरला साडेपाच. मियापूर ते एल. बी. नगर या सुमारे २९ किलोमीटरला ६९ म्हणजे अडीच रुपयांहूनही कमी. तेव्हा मेट्रो लांबच्या प्रवासाला वापरावी, दोन स्टेशनांसाठी ती महागच पडते.

तिकीट काउंटरवर मिळतं, फोनवरही काढता येतं. २०२२पासून व्हॉट्सॲपवरही निघतं. त्याचा क्यूआर कोड आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा फाटकावर दाखवायचा असतो, म्हणून फोनची बॅटरी उतरू देऊ नका. रोज जाणाऱ्याला स्मार्ट कार्ड बरं, रांगेचा वेळ वाचतो. सिकंदराबाद स्टेशनला उतरून हायटेक सिटीला जाणाऱ्याने सिकंदराबाद ईस्टला निळी गाडी धरावी, कुठेच बदलावी लागत नाही. एमजीबीएसला उतरून पंजागुट्ट्याच्या निम्स रुग्णालयाकडे जाणाऱ्याने लाल धरावी.

एमएमटीएस ऑगस्ट २००३पासून आहे. सर्वांत स्वस्त हीच, पाच रुपयांपासून तिकीट. पण गाड्या कमी आणि त्यांना लांब पल्ल्याच्या गाड्यांच्याच रुळांवरून जावं लागतं, म्हणून वेळापत्रक पाहूनच घराबाहेर पडायचं. काचीगुडा, बेगमपेट, लिंगमपल्ली या पट्ट्यात घर आणि काम दोन्ही असेल तर तिचा मासिक पास काढावा. रेल्वे आणि आरटीसी दोन्हींना चालणारा एकत्रित पासही असतो.

आता बसचा पास. जून २०२५च्या वाढीनंतर महिन्याचा ऑर्डिनरी पास १,४०० रुपये, मेट्रो एक्स्प्रेसचा १,६०० आणि डिलक्सचा १,८०० झाला. महिन्यात पंचवीस दिवस कामाला जाणाऱ्याला १,६००चा पास दिवसाला ६४ रुपये पडतो, म्हणजे एका वेळचे ३२. एका बाजूचं भाडं त्याहून कमी असेल आणि एकाच बसने काम भागत असेल तर पास घेऊ नका, रोजचं तिकीटच परवडेल. दोन बस बदलाव्या लागत असतील तर मात्र पासच घ्या, कारण त्याला बदल मोजायचा नसतो. संध्याकाळी बाजारात गेलात, रविवारी नातेवाइकांकडे गेलात, तोही खर्च त्यातच. सुट्ट्या बऱ्याच येणार असतील त्या महिन्यात हिशेब पुन्हा करा.

पास म्हणजे दोन कागद असतात, फोटोचं ओळखपत्र आणि त्या महिन्याचं तिकीट, आणि दोन्ही सोबत लागतात. कोठी, सिकंदराबादचं रेतीफैल, एमजीबीएस अशा ठिकाणी काउंटर आहेत. विद्यार्थ्यांचे सवलतीचे पास वेगळे. त्यांचा अर्ज ऑनलाइन भरायचा आणि कॉलेजने त्याला दुजोरा द्यायचा असतो. हा दुजोरा अडला की पास अडतो, म्हणून प्रवेश झाल्याबरोबर कॉलेजच्या कार्यालयात विचारून ठेवावं. वसतिगृहात राहून मोजक्या पैशांत महिना काढणाऱ्या मुलाला हा एक फेरा फार मोलाचा ठरतो.

एखाद-दोन दिवसांसाठीच आलात, पेशंटबरोबर रुग्णालय, तपासणी केंद्र, औषधाचं दुकान असे चार-पाच फेरे ठरलेले असतील, तर पहिल्या बसमध्ये बसताच कंडक्टरकडे टी-२४ मागा. घेतल्या वेळेपासून चोवीस तास ते तिकीट चालतं. त्यावरची वेळ बघून घ्या आणि दुसऱ्या दिवशीचं स्टेशनपर्यंत परतणंही त्या वेळेत बसवा.