टायटॅनिकचा बुडालेला सांगाडा टेबलावर कसा बनवायचा? थ्रीडी स्कॅन, मोबाईल आणि थोडं गणित

टायटॅनिकचं मॉडेल म्हटलं की चार धुराडी, चकचकीत काळा रंग आणि काचेची पेटी आठवते. आज आपण त्याच जहाजाचं दुसरं रूप बनवणार आहोत: समुद्राच्या तळाशी, गाळात रुतलेलं, गंजलेलं. अशा मॉडेलला डायोरामा म्हणतात, म्हणजे एखाद्या वस्तूचं तिच्या परिसरासकट केलेलं छोटं दृश्य. दिवाळीत आपण मातीचा किल्ला करतो आणि त्यावर मावळे, विहीर, हिरवळ मांडतो, तोही एक डायोरामाच. फरक एवढाच की इथे सगळं मोजून-मापून, एकाच प्रमाणात करायचं.

मी हे मॉडेल १:७०० स्केलमध्ये केलं आहे. ते करताना लागलेलं गणित, साहित्य आणि मोबाईलचा उपयोग या लेखात सांगतो. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. हे अख्खं दृश्य आजवर कोणीही डोळ्यांनी पाहिलेलं नाही. तिथे मिट्ट काळोख आहे आणि पाणबुडीच्या दिव्यात फक्त काही मीटर दिसतं. संपूर्ण सांगाडा एका नजरेत दिसला तो कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर. म्हणून सुरुवात त्या स्कॅनपासूनच करू.

समुद्राच्या तळाचा थ्रीडी स्कॅन कसा झाला?

टायटॅनिक १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे उत्तर अटलांटिक महासागरात बुडालं. १ सप्टेंबर १९८५ रोजी रॉबर्ट बॅलार्ड आणि जाँ-लुई मिशेल यांच्या अमेरिकी-फ्रेंच टीमला त्याचे अवशेष सापडले. खोली सुमारे ३,८०० मीटर. जहाजाचे दोन तुकडे झालेत आणि त्यांच्यात साधारण ६०० मीटर अंतर आहे.

२०२२ मध्ये मॅगेलन या कंपनीने तिथे ‘रोमिओ’ आणि ‘ज्युलिएट’ नावाचे दोन रोबोट उतरवले. त्यांनी ७ लाखांहून जास्त फोटो काढले आणि ते जोडून २०२३ मध्ये जहाजाचं पूर्ण आकाराचं डिजिटल मॉडेल जगासमोर आलं. या तंत्राला फोटोग्रामेट्री म्हणतात.

ते समजायला एक छोटा प्रयोग करा. अंगठा डोळ्यांसमोर धरा आणि आधी एक डोळा, मग दुसरा डोळा मिटा. अंगठा जागेवरून सरकल्यासारखा वाटतो, पण मागची भिंत फारशी सरकत नाही. जवळची वस्तू जास्त सरकते, लांबची कमी. सॉफ्टवेअर हेच करतं. वेगवेगळ्या फोटोंत तेच खिळे, त्याच कडा ओळखायच्या, त्या किती सरकल्या ते मोजायचं आणि त्यावरून प्रत्येक बिंदूची जागा काढायची. असे कोट्यवधी बिंदू जोडले की पृष्ठभाग तयार होतो आणि त्यावर फोटोंतला रंग चढवला जातो.

आधी वर्ष ठरवा

मॉडेल बनवणारे बहुतेक जण स्केल ठरवून सुरुवात करतात. बुडालेल्या जहाजाच्या बाबतीत पहिला प्रश्न वेगळा आहे: कोणत्या वर्षीचं जहाज? कारण ते दरवर्षी बदलतंय.

- १९८५-८६ मध्ये पडलेल्या डोलकाठीवर टेहळणीचा पिंजरा दिसत होता. पुढे तो नाहीसा झाला.
- कॅप्टनच्या खोलीतला बाथटब अनेक जुन्या फोटोंत आहे. २०१९ च्या मोहिमेत तो भाग कोसळत असल्याचं दिसलं.
- टोकावरचा प्रसिद्ध कठडा २०२२ च्या स्कॅनमध्ये जागेवर आहे. २०२४ च्या मोहिमेत त्याचा सुमारे ४.५ मीटरचा तुकडा तळाशी पडलेला सापडला.

म्हणजे १९८६ चा पिंजरा आणि २०२४ चा तुटलेला कठडा एकाच मॉडेलमध्ये दाखवलात, तर असं जहाज कधी अस्तित्वातच नव्हतं. मी २०२२ निवडलं, कारण त्या वर्षाची माहिती सर्वांत पूर्ण आहे.

फोटो शोधताना प्रत्येक फोटोचं वर्ष बघा आणि मोबाईलमध्ये वर्षवार फोल्डर करा. अमेरिकेच्या वुड्स होल संस्थेने १९८६ चं ८० मिनिटांहून अधिक फुटेज २०२३ मध्ये यूट्यूबवर टाकलं आहे, ते नक्की बघा. आणि सर्च करताना सावध राहा, एआयने बनवलेली चित्रंही येतात. ओळखायची सोपी खूण: समुद्राच्या तळाशी धुराडी उभी दिसली की चित्र खोटं. प्रत्यक्षात चारपैकी एकही धुराडं जागेवर नाही.

स्केलचं गणित

१:७०० म्हणजे खऱ्या ७०० सेंटिमीटरचा मॉडेलमध्ये १ सेंटिमीटर. मोबाईलचं कॅल्क्युलेटर उघडा आणि प्रत्येक मापाला ७०० ने भागा.

- पूर्ण जहाज २६९ मीटर: ३८.४ सेंमी
- रुंदी २८ मीटर: ४ सेंमी
- पुढचा तुकडा, सुमारे १४० मीटर: २० सेंमी
- दोन तुकड्यांतलं अंतर ६०० मीटर: साधारण ८६ सेंमी
- माणूस १.७ मीटर: जेमतेम २.४ मिमी
- समुद्राची खोली ३,८०० मीटर: ५.४ मीटर, म्हणजे इमारतीचे जवळपास दोन मजले

शेवटचा आकडा मला सगळ्यात जास्त आवडतो. वीस सेंटिमीटरचं जहाज टेबलावर आहे आणि पाण्याचा पृष्ठभाग वरच्या शेजाऱ्यांच्या घरात!

दोन्ही तुकडे दाखवायचे तर मीटरभराहून लांब टेबल लागेल. मी फक्त पुढचा तुकडा केला. तो ओळखूही येतो, कारण बुडण्याआधी तो पाण्याने भरला होता आणि त्यामुळे बराच शाबूत राहिला. मागच्या तुकड्याचा मात्र पार चुराडा झालाय.

किट मोडायचं कसं?

ॲकॅडमी आणि रेव्हेल या कंपन्यांचे १:७०० चे प्लास्टिक किट मिळतात. नवंकोरं किट कापायला जिवावर येतं, पण इलाज नाही.

पहिली पायरी: तिसऱ्या धुराड्याच्या आसपास बारीक पात्याच्या करवतीने जहाज कापा. जहाज त्याच भागात तुटलं होतं. सरळ काप ठेवू नका. तुटलेल्या टोकाशी मजले एकमेकांवर बसलेत, म्हणून डेकचे तुकडे हेअर ड्रायरने जरा मऊ करून मागच्या बाजूला खाली झुकवा.

दुसरी पायरी: पत्र्याची जाडी. किटचं प्लास्टिक १ मिमी धरलं तर स्केलमध्ये ती ७० सेंटिमीटर जाड भिंत होते! खरा पत्रा साधारण अडीच सेंटिमीटरचा होता. म्हणून फाटलेल्या कडा आतून कानशीने घासून पातळ करा. लोंबणाऱ्या पत्र्यांसाठी स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइल वापरा. तो स्केलमध्ये सेंटिमीटरभराच्या पत्र्याइतका भरतो, शिवाय हवा तसा चुरगळतो.

तिसरी पायरी: काय लावायचं नाही. धुराडी नाहीत, त्यांच्या जागी भोकं. ब्रिजची खोली नाही, तिथे फक्त सुकाणूचा पितळी खांब उरलाय. मोठ्या जिन्याच्या जागी खोल खड्डा. डोलकाठी मागे, ब्रिजच्या दिशेला आडवी पडलेली.

कठड्याचं काय? चार सेंटिमीटर जाड पाइप या स्केलमध्ये केसाएवढा होतो. मी तिथे ताणलेलं बारीक नायलॉन वापरलं.

गंज: इथे घाई करू नका

जहाजावर लोंबणाऱ्या गंजाच्या काड्या म्हणजे नुसतं लोखंड गंजणं नाही. त्यात जिवाणूंच्या वसाहती असतात. १९९१ मध्ये आणलेल्या नमुन्यातून शास्त्रज्ञांनी एक नवा जिवाणू वेगळा केला. २०१० मध्ये त्याला ‘हॅलोमोनास टायटॅनिकी’ असं नाव मिळालं.

रंगाचा क्रम असा ठेवा: आधी गडद तपकिरी, मग फाटक्या स्पंजने केशरी ठिपके, मग पातळ केलेल्या काळपट रंगाचे वरून खाली ओघळ. सगळीकडे सारखा केशरी रंग मारलात तर जहाज विटेसारखं दिसेल. लोंबत्या काड्यांसाठी फेव्हिकॉलमध्ये तपकिरी रंग मिसळा, अर्धवट सुकू द्या आणि टूथपिकने कडेवरून खाली ओढा. मीटरभराची काडी या स्केलमध्ये दीड मिलिमीटरसुद्धा नसते, तेव्हा हात आवरता घ्या.

गाळासाठी वाळू वापरू नका

वाळूचा अर्ध्या मिलिमीटरचा कण १:७०० मध्ये ३५ सेंटिमीटरचा दगड होतो! रांगोळीचाही तोच प्रश्न. मी पीओपीचा थर दिला आणि तो ओला असतानाच वर चाळलेली टाल्कम पावडर भुरभुरवली. नंतर करड्या-पिवळसर रंगाचा हलका हात.

जहाजाचं टोक सुमारे १८ मीटर गाळात गेलंय, म्हणजे मॉडेलमध्ये अडीच सेंटिमीटर. त्यासाठी खाली थर्माकोलचा जाड तुकडा घेऊन खाच करा. टोक आत शिरताना गाळ दोन्ही बाजूंना ढिगासारखा उचलला गेला, तो उंचवटा विसरू नका. आणखी एक: थर्माकोलवर थेट स्प्रे पेंट मारू नका, तो विरघळतो. आधी पीओपी, मग रंग.

पाणी दाखवायचं की नाही?

इंटरनेटवरच्या बहुतेक डायोरामांत निळसर पारदर्शक रेझिन ओतलेलं असतं. उथळ पाण्यातल्या होडीला ते शोभतं. टायटॅनिकला नाही, कारण सूर्यप्रकाश हजार मीटरच्या खाली पोहोचतच नाही. रेझिन वापरायचंच असेल तर पातळ थरांत ओता, कारण एकदम जाड थर ओतला तर ते चांगलंच तापतं. हातमोजे घाला आणि खिडक्या उघड्या ठेवा.

मी रेझिन टाळलं. आतून मॅट काळी केलेली पेटी घेतली आणि प्रकाशाने पाण्याचा भास केला. यामागचं विज्ञान सोपं आहे: पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषून घेतं. त्यामुळे दिव्याजवळचा गंज केशरी दिसतो आणि थोडं लांब गेलं की तोच गंज निळसर करडा. म्हणून दिव्यापासून दूरच्या भागावर मी निळ्या-करड्या रंगाचा अगदी पातळ हात दिला. काचेतून बघताना मध्ये खरंच पाणी आहे असं वाटतं.

दिव्यासाठी ३ मिमीचा पांढरा एलईडी आणि ३ व्होल्टचा बटण सेल पुरतो. गंमत बघा, ३ मिमी गुणिले ७०० म्हणजे २.१ मीटर. तो एलईडी स्वतःच एखाद्या शोधक रोबोटच्या आकाराचा होतो!

आता तुमच्या मोबाईलने स्कॅन करा

पेटीत बंद करण्याआधी मॉडेलचा थ्रीडी स्कॅन काढा. पॉलीकॅम, रिॲलिटीस्कॅन, किरी इंजिन अशी ॲप्स आहेत. लायडार सेन्सर नसला तरी चालतं, साध्या फोटोंवरून काम होतं.

१. मॉडेल खिडकीजवळ, मऊ उजेडात ठेवा. फ्लॅश बंद.
२. मॉडेल हलवू नका, तुम्ही त्याच्याभोवती फिरा.
३. खाली, मध्ये आणि वर अशा तीन उंचींवरून फेऱ्या मारा.
४. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा साठ-सत्तर टक्के भाग दिसायला हवा.
५. शेजारी मोजपट्टी ठेवा. नुसत्या फोटोंवरून ॲपला आकार कळतो, माप कळत नाही.
६. चकचकीत आणि पारदर्शक भाग नीट येत नाहीत, म्हणून चमकदार वार्निश स्कॅननंतरच.

समुद्राच्या तळाशी जे काम रोबोटने केलं, तेच काम तुम्ही खिशातल्या फोनने करताय. फक्त रोबोटला ते ३८० पट हवेच्या दाबाखाली, जीपीएस नसताना करावं लागलं.

काय ठेवायचं नाही

या जहाजाबरोबर सुमारे १,५०० माणसं गेली. तळावर आजही बुटांच्या जोड्या सापडतात. शरीर उरलं नाही, पण कमावलेलं चामडं टिकलं. म्हणून मी मॉडेलमध्ये हाडांचे सापळे, खजिन्याची पेटी, शार्क असलं काही ठेवलेलं नाही. २.४ मिलिमीटरचा माणूस दिसत नाही म्हणून ते जहाज रिकामं होतं असं नाही.

पेटीच्या तळाला एक छोटी पट्टी लावा: जहाजाचं नाव, स्केल आणि वर्ष. माझ्या पट्टीवर ‘टायटॅनिक, पुढचा भाग, १:७००, २०२२’ एवढंच आहे. तो टोकावरचा कठडा खऱ्या जहाजावर आता पूर्ण उरलेला नाही. पट्टीवर वर्ष लिहिलेलं असेल, तर मॉडेलवरचा कठडा चूक ठरत नाही, ती त्या वर्षाची नोंद होते.