आधी पाना, मग पाकीट!

उंच टाकी, रुंद हँडल, पुढे चोच आणि मागे सामान बांधायला कॅरियर. ‘एडीव्ही’ म्हणजे एडव्हेंचर बाईक आता कॉलेजच्या पार्किंगमध्येही दिसायला लागली आहे. कुणी घरच्यांना पटवून घेतलेली असते, कुणी पहिल्या पगारावर ईएमआय बसवून. गाडी हातात आली की पुढचा कार्यक्रम ठरलेला. रील्स बघायच्या आणि एक्सेसरीजची यादी करायची. फॉग लाईट, क्रॅशगार्ड, टॉप बॉक्स, पॅनियर... बघता बघता हजारोंचा आकडा होतो. पण यातल्या किती वस्तू गाडीला मातीत चालायला मदत करतात? खरं सांगायचं तर फार थोड्या. बऱ्याचशा फोटोत छान दिसतात आणि गाडी जड करतात. गाडी मातीसाठी तयार करायचीच असेल, तर सुरुवात दुकानातून नको, टूलकिटमधून करा.

आधी गाडी ओळखा

सगळ्या एडीव्ही सारख्या नसतात. सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स घ्या. पुढे १९ इंची आणि मागे १७ इंची अलॉय व्हील, ग्राउंड क्लिअरन्स २०५ मिलिमीटर, वजन १६७ किलो. हिरोची एक्सपल्स २०० बघा. पुढे २१ आणि मागे १८ इंची स्पोकची चाकं, क्लिअरन्स २२० मिलिमीटर. पहिली हायवेवर दिवसभर आरामात पळेल आणि कच्चा रस्ताही निभावून नेईल. दुसरी मुळातच दगडधोंड्यांसाठी बनलेली.

फरक चाकात आहे. मोठं चाक दगडावरून सहज चढून जातं, लहान चाक त्याच दगडाला धडकतं. स्पोक थोडे लवचिक असतात, धक्का पचवतात. अलॉयला जोराचा मार बसला तर ते वाकतं किंवा तडकतं. अलॉयचा मोठा फायदा म्हणजे ट्यूबलेस टायर. खिळा घुसला तरी चाक न काढता, रस्त्याकडेलाच पंक्चर निघतं.

म्हणजे रस्त्याकडे झुकलेली एडीव्ही हातात असेल, तर तिला एक्सपल्स बनवायच्या फंदात पडू नका. मुरमाचा रस्ता, शेतातली पाणंद, घाटातला उखडलेला पट्टा, गुडघ्याच्या खालचं पाणी एवढं तिला आत्मविश्वासाने जमलं, तरी खूप झालं.

फुकटात होणारी कामं

एक रविवार आणि एलन कीचा सेट, बस्स. कच्च्या रस्त्यावर तुम्ही बराच वेळ उभं राहून गाडी चालवणार आहात. उभं राहिल्यावर पाय शॉक अबसॉर्बरचं काम करतात आणि गाडी तुमच्याखाली मोकळेपणाने हलू शकते. पण शोरूममधून आलेली गाडी बसून चालवण्यासाठी सेट केलेली असते. म्हणून गाडी डबल स्टँडवर घ्या, नसेल तर मित्राला धरायला सांगा, आणि फूटपेगवर उभे राहा.

आता हात हँडलवर ठेवा. ब्रेक आणि क्लच धरताना मनगट वर मुडपतंय का? मग दोन्ही लिव्हर थोडे खाली फिरवा, मनगट सरळ येईपर्यंत. लिव्हरचे क्लॅम्प करकचून आवळू नका. हाताने जोर लावला तर जेमतेम फिरतील एवढेच घट्ट ठेवा. गाडी पडली तर लिव्हर फिरेल, तुटणार नाही. फूटपेगवर रबर असेल आणि ते निघत असेल, तर काढा. खाली बहुतेक वेळा दातेरी लोखंड असतं, चिखलाचे बूट त्यावर घसरत नाहीत. गिअर लिव्हर आणि मागच्या ब्रेकचं पेडल उभं राहूनही पायाला सापडतंय ना, तेही तपासा.

मग सस्पेन्शन. तुमचं वजन ५५ किलो असो की ९०, कंपनीने सेटिंग एकच दिलेलं असतं. मित्राच्या मदतीने टेप घेऊन मोजा. मागचं चाक हवेत असताना एक्सल ते सीटखालचा एक ठरावीक बिंदू हे अंतर किती, आणि तुम्ही पूर्ण तयारीनिशी बसल्यावर किती? फरक सस्पेन्शनच्या एकूण ट्रॅव्हलच्या साधारण एक तृतीयांश हवा. गाडी जास्त बसत असेल तर मागच्या शॉकचा प्रीलोड वाढवा, कमी बसत असेल तर घटवा. बहुतेक गाड्यांना ही सोय असते.

शेवटचं काम हवेचं. माती लागली की मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा चार-पाच पीएसआय कमी करा. टायर पसरतो, पकड वाढते. त्याहून फार खाली जाऊ नका. ट्यूबलेस टायर रिमवरून सुटू शकतो आणि दगड थेट अलॉयला लागतो. सोबत प्रेशर गेज आणि छोटा पंप हवाच. डांबर लागलं की हवा परत भरायची. कमी हवेवर हायवे पकडणं म्हणजे आ बैल मुझे मार.

पहिला खर्च तुमच्यावर

आता पाकीट काढा, पण गाडीसाठी नाही. तुम्ही मातीत पडणार, हे गृहीत धरा. वेग कमी असतो, पण १६७ किलोची गाडी पायावर येते. घोटा झाकणारे कडक बूट, गुडघ्याचे आणि कोपराचे गार्ड, आयएसआयचं हेल्मेट, हातमोजे. कॅनव्हासचे शूज घालून ऑफरोडिंग करणारा रीलमध्ये कूल दिसतो, प्लास्टरमध्ये नाही.

दुसरी गुंतवणूक शिकण्यात. डकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय सी. एस. संतोष याने कर्नाटकात ‘बिगरॉक डर्टपार्क’ हे प्रशिक्षण केंद्र सुरू केलं. आता ठिकठिकाणी अशा एक-दोन दिवसांच्या कार्यशाळा होतात. तिथे जमलं नाही, तर परवानगी घेऊन एखाद्या मोकळ्या मैदानात मित्रासोबत सराव करा. उभं राहून आठचा आकडा काढणं, क्लचवर मुंगीच्या वेगाने चालणं आणि पडलेली गाडी उचलणं. उचलताना गाडीकडे पाठ करून, खाली बसून, पायांच्या जोरावर उठायचं. कमरेने ओढलं तर कंबर जाते.

मग टायर, मग चिलखत

गाडीवर एकच खर्च करायचा असेल तर तो टायरवर करा. कंपनीचे टायर बहुधा रस्त्यासाठी असतात. खोल खाचा असलेले ‘५०-५०’ टायर मुरमात आणि चिखलात वेगळीच गाडी दिल्यासारखे वाटतात. किंमत मात्र मोजावी लागते. ते लवकर झिजतात, आवाज करतात आणि ओल्या डांबरावर ब्रेक लागायला जास्त अंतर घेतात. रोज कॉलेज आणि महिन्यातून एकदा माती, असं गणित असेल तर आहेत ते टायर झिजेपर्यंत वापरा. बदलताना साईज, लोड आणि स्पीड रेटिंग कंपनीने सांगितलेलंच घ्या.

त्यानंतर बॅशप्लेट. इंजिनखालचं कव्हर प्लॅस्टिकचं असेल तर एका टोकदार दगडात ऑइल रस्त्यावर आणि तुम्ही टेम्पोच्या शोधात. धातूची प्लेट घेताना ऑइल काढायचा बोल्ट उघडता येतो का, हे बघा. मग आतून धातूचा दांडा असलेले हँडगार्ड. नुसत्या प्लॅस्टिकने वारा अडतो, लिव्हर वाचत नाही. उंच असाल तर हँडल रायझर बसवा, पण हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून केबल आणि ब्रेकचा पाइप ताणला जात नाही ना, याची खात्री करा.

टॉप बॉक्स मातीत नकोच. तो वजन मागे आणि उंचावर नेतो, नेमकं जिथे नको तिथे. सामान मऊ बॅगेत, सीटला चिकटून बांधा.

एबीएसचं काय? सैल खडीवर मागचं एबीएस थांबायचं अंतर वाढवतं, हे खरं. काही गाड्यांत ते बटणाने बंद होतं. तुमच्या गाडीत ती सोय नसेल, तर फ्यूज काढायचा जुगाड करू नका. तो परत लावायचा राहिला, तर घाटातल्या ओल्या वळणावर दोन्ही चाकं तुमच्या भरवशावर. त्यापेक्षा वेग कमी ठेवा, उतारावर खालच्या गिअरमध्ये इंजिनलाच ब्रेक लावू द्या.

कायदा आणि माळ

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीची मूळ रचना बदलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. बेकायदा बदलाला प्रत्येकी ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे बोल्टने लागणाऱ्या आणि निघणाऱ्या वस्तूंवर थांबा. कर्कश सायलेन्सरने गाडी चिखलातून बाहेर येत नाही, पोलीस मात्र नक्की येतात.

आणि गाडी जाऊ शकते म्हणून ती सगळीकडे न्यायची नसते. सह्याद्रीतल्या सड्यांवर मातीचा थर अगदी पातळ असतो आणि पावसाळ्यातली सगळी फुलं त्यावरच जगतात. कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे, पण तसलेच कितीतरी सडे पाटीशिवाय, कुंपणाशिवाय पडलेत. एका चाकाने पडलेल्या चाकोरीतून पुढच्या पावसात पाणी वाहतं आणि माती घेऊन जातं. गड, अभयारण्य, सडे आणि कुणाचं पेरलेलं शेत, चौघांना लांबूनच नमस्कार. मळलेली गाडीवाट सोडायची नाही. गावातून जाताना वेग कमी ठेवा आणि वाटेबद्दल तिथल्या माणसाला विचारा. ओढ्याला पाणी किती आहे, हे मॅपपेक्षा त्याला जास्त ठाऊक असतं.

निघण्याआधी

• एकटे जाऊ नका. किमान दोन गाड्या हव्यात.
• पंक्चर किट, पंप, गेज, एलन की, एक जादा क्लच केबल आणि दोन्ही लिव्हर.
• प्रथमोपचाराचं सामान आणि दोन लिटर पाणी.
• कुठे जाताय आणि कधी परतणार, हे घरी सांगून ठेवा.
• पाण्याचा तळ दिसत नसेल तर आधी पायी उतरून अंदाज घ्या. पाणी वाहतं असेल तर पायीही उतरू नका, परत फिरा. वाट पुढच्या रविवारीही तिथेच असेल.