आधी करंट, मग पेट्रोल

जुनी पेट्रोल गाडी सुरू होत नसेल तर आधी दोनच गोष्टी पाहायच्या असतात: प्लगला करंट येतो का आणि पेट्रोल इंजिनापर्यंत पोहोचते का. हे तपासण्याआधी कॉइल किंवा पंप बदलणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

1983 च्या डिसेंबरात आलेल्या मारुती 800 चे इंजिन तीन सिलिंडरचे, 796 सीसीचे. सुरुवातीच्या गाड्यांना कार्बोरेटर होता आणि पेट्रोल ओढणारा पंप इंजिनाच्या हालचालीवर चालत असे. अशा गाडीत आधी प्लग काढून, तो वायरला जोडून इंजिनाच्या धातूला टेकवतात आणि सेल्फ मारतात. निळसर, ठसठशीत ठिणगी पडली तर करंट ठीक आहे. जवळपास पेट्रोल सांडलेले असेल तर ही तपासणी करू नये. त्यानंतर कॉइलची वायर काढून ठेवायची, कार्बोरेटरला जाणारी नळी सोडवून बाटलीत धरायची आणि पुन्हा सेल्फ मारायचा. पेट्रोल झटक्याझटक्याने यायला हवे. आले नाही तर फिल्टर तुंबला आहे, पंपाचा पडदा फाटला आहे किंवा चिरलेल्या रबरी नळीतून हवा ओढली जात आहे.

त्याच बाटलीतले पेट्रोल थोडा वेळ स्थिर ठेवून उजेडात पाहावे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरला या तपासणीचे महत्त्व जास्त आहे, कारण इथला पावसाळा जोरदार. उल्हास नदीचे पाणी 2005 आणि 2019 च्या जुलैत बदलापूरच्या सखल भागांत शिरले. टाकीत शिरलेले पाणी तळाशी बसते आणि गाडी पेट्रोल ओढते तेही तळाजवळूनच. शिवाय 2023 पासून पंपांवर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल येऊ लागले. इथेनॉल पाणी शोषते. थोडे पाणी त्यात मुरून जाते. पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल एकत्र खाली उतरतात आणि बाटलीत दोन थर वेगळे दिसतात. अशा टाकीत वरून ताजे पेट्रोल ओतून भागत नाही, टाकी पूर्ण उपसावी लागते.

इथेनॉल टाकीतला जुना गाळही सोडवते, जुन्या रबराच्या नळ्या फुगवते. म्हणून नव्या पेट्रोलवर आल्यावर फिल्टर वारंवार तुंबणे किंवा नळीला ओल येणे यात नवल नाही. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या बसवल्या की हा त्रास बराच मिटतो.

उन्हाळ्यात तक्रार वेगळी असते. कल्याण-बदलापूर रस्त्यावर वाहतूक तुंबली की गाडी गरम होऊन बंद पडते आणि थंड झाल्यावर मुकाट सुरू होते. याची कारणे दोन असू शकतात: नळीत पेट्रोलची वाफ अडकणे किंवा तापलेल्या कॉइलने करंट न देणे. फरक ओळखायचा तर गाडी बंद पडलेली असतानाच ठिणगी पाहावी. थंड झाल्यावर दोन्ही ठीक दिसतात. ठिणगी असेल तर पंपावर ओले फडके ठेवून पाहावे. वाफेचाच प्रश्न असेल तर गाडी सुरू होते.

2000 च्या सुमारास आलेल्या इंजेक्शनच्या गाड्यांत विजेचा पंप टाकीतच असतो. किल्ली फिरवताच काही सेकंद त्याची घरघर ऐकू यायला हवी. आवाज नसेल तर आधी फ्यूज आणि रिले पाहावेत, ते स्वस्त असतात.

धूर पाहूनही बरेच कळते. काळा धूर जास्त पेट्रोलचा, निळा जळणाऱ्या ऑइलचा. गाडी गरम झाल्यावरही पांढरा दाट धूर येत राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर हेड गॅसकेटचा संशय घ्यावा.

पुराच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीला मात्र सेल्फ मारूच नये. पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये ते असताना इंजिन फिरवले तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि थोडक्यात होणाऱ्या दुरुस्तीचे पूर्ण इंजिनकाम होते. बॅटरीची वायर काढावी, गाडी ओढून न्यावी, सर्व प्लग काढून इंजिन हाताने फिरवत पाणी बाहेर घालवावे, ऑइल आणि एअर फिल्टर बदलावेत, टाकी उपसावी. मगच किल्ली लावावी.