सोईतला जखमी कुत्रा

थायलंडमध्ये गल्लीला सोई म्हणतात, आणि बँकॉक असो की फुकेत, बहुतेक सोईंत दोनचार कुत्री सावलीला पसरलेली दिसतात. त्यातलाच एखादा मोटारसायकलखाली येऊन रस्त्याकडेला विव्हळत पडलेला दिसला, तर पाहुण्यानं काय करावं? मुक्काम दोन दिवसांचा, भाषा येत नाही. तरीही पुष्कळ करता येतं. मात्र सुरुवात कुत्र्यापासून नको, माणसांपासून करावी.

सोईतला कुत्रा बहुधा बेवारस नसतो. सोईच्या तोंडाशी नारिंगी जाकिटं घालून बसलेले मोटारसायकल टॅक्सीवाले, खाण्याची गाडी लावणारी बाई, जवळच्या बौद्ध मंदिरातले भिक्खू यांच्यापैकी कुणीतरी त्याला रोज खाऊ घालत असतं. त्या माणसाला शोधा. फोनवरचं भाषांतर पुरतं. त्याच्या आवाजानं कुत्रा शांत होतो, आणि जवळचा प्राण्यांचा दवाखाना कुठला, हेही तोच सांगतो. तिथे सगळे लाइन हे ॲप वापरतात. त्यावर फोटो आणि ठिकाण पाठवलं की निम्मं बोलणं वाचतं.

आता कुत्र्याकडे, पण लांबूनच पाहा. थायलंडमध्ये रेबीज आहे. मागचे पाय लुळे पडलेला कुत्रा अपघातातला असेल किंवा रेबीजचाही असेल. जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, घशात हाड अडकल्यासारखं वाटतंय, अशा वेळी तोंडात हात घालायचा मोह कटाक्षानं टाळा. असा कुत्रा जाणकारांवरच सोडावा. एरवीही वेदनेत असलेला प्रेमळ कुत्रासुद्धा चावतो. त्यात त्याचा दोष नसतो.

चावला, किंवा उघड्या जखमेला त्याची लाळ लागली, तर साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. पूर्वी लशीचा पूर्ण कोर्स झाला असेल तर ते लागत नाही, दोन डोस पुरतात. म्हणून जुना कागद फोनमध्ये ठेवावा. त्वचेत थोडी थोडी लस टोचण्याची जी पद्धत आपल्या सरकारी दवाखान्यांत चालते, ती मुळात थाई रेडक्रॉसची. पहिल्या डोसचा दिवस शून्य धरून पुढचे डोस तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. तिथे सुरू केलेला कोर्स घरी येऊन पुरा करता येतो, फक्त लशीचं नाव, तारखा आणि टोचण्याची पद्धत लिहून आणा.

कुत्रा जवळ येऊ देत असेल तर ओढणीचा मध्य जबड्यावर घेऊन खाली आवळा आणि टोकं कानांमागे बांधा. धाप लागली असेल, उलटी होत असेल किंवा तोंडालाच मार असेल, तर मात्र तोंड बांधू नका. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड दाबून धरा आणि पाच मिनिटं उचलून पाहू नका. भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. पाठीचा कणा वाकू न देता त्याला जाड पुठ्ठ्यावर किंवा फळीवर सरकवून घ्या. खायला काही देऊ नका, कदाचित लगेच भूल द्यावी लागेल. आणि आपल्या प्रवासातल्या औषधांच्या डब्यातली एकही गोळी देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल यांनी कुत्र्याचा जीव जाऊ शकतो.

बँकॉकमध्ये आँरी द्युनाँ रस्त्यावर चुलालाँगकॉर्न विद्यापीठाचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय आहे. त्याच रस्त्याच्या कोपऱ्यावर, रामा चौथा रस्ता मिळतो तिथे, थाई रेडक्रॉसची क्वीन सावोभा संस्था आहे. सर्पोद्यानासाठी पर्यटक तिथे जातात, पण श्वानदंशाचे उपचारही तिथे होतात. फुकेतमध्ये सोई डॉग फाउंडेशन ही संस्था 2003 पासून काम करते. तिच्या संस्थापकांपैकी जिल डॅली 2004 मध्ये एका कुत्र्याला वाचवायला पाणी भरलेल्या शेतात उतरल्या, त्यातून जंतुसंसर्ग झाला आणि दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले. कृत्रिम पायांवर उभ्या राहून त्यांनी 2017 मध्ये मृत्यू येईपर्यंत हे काम केलं. मला त्यांच्याविषयी अपार आदर वाटतो, आणि त्यांची हकीकत वाचूनच मी म्हणते की अनोळखी डबक्यात उतरण्याआधी थांबा आणि फोन करा.

दवाखान्यात कुत्र्याला आणणाऱ्याकडेच खर्चाची विचारणा होते. उपचाराआधी अंदाज विचारा, जमेल तेवढी रक्कम थेट काउंटरवर भरा आणि पावती घ्या. पुढची जबाबदारी कोण घेणार, हेही तिथेच ठरवा. त्याला भारतात आणायचा विचार मनात येतोच, पण सहलीला गेलेल्या माणसाला परवान्याशिवाय ते जमत नाही. बरा झालेला कुत्रा नसबंदी आणि लसीकरण होऊन आपल्याच सोईत परतावा, हे त्याच्याही भल्याचं असतं.

टूरची बस दहा मिनिटांत सुटणार असेल तर गाइडला सांगा, खाऊ घालणाऱ्या माणसाचा आणि दवाखान्याचा नंबर एकमेकांना द्या, दोघांकडे कुत्र्याचा फोटो आणि ठिकाण पोहोचवा. संध्याकाळी हॉटेलवरून एक फोन करून चौकशी करा. पैसे कमी पडत असतील तर ते तेव्हाच कळतं.