भिंतीवरच्या दोघी

सभा भरली आहे, पण दोन सभासद खुर्चीवर नाहीत. त्या भिंतीवर टांगलेल्या आहेत! लंडनच्या रॉयल अकॅडमीचे असे चित्र योहान झोफनीने १७७१-७२ मध्ये रंगवले. हाच झोफनी पुढे १७८३ मध्ये हिंदुस्थानात आला आणि लखनौच्या नवाबाकडेही राहिला.

चित्रात दिव्याच्या उजेडात चित्रकार मंडळी जमली आहेत. समोर विवस्त्र पुरुष मॉडेल. १७६८ मध्ये अकॅडमी स्थापन झाली तेव्हा संस्थापकांत दोन बायका होत्या : अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर. पण तेव्हाच्या शिष्टाचारात अशा खोलीत बाईला प्रवेश नव्हता. झोफनीने तोड काढली. दोघींची व्यक्तिचित्रे उजवीकडच्या भिंतीवर लावून टाकली. चितारणारीच चित्र झाली.

१७७३ मध्ये रिचर्ड अर्लमने या चित्राचा ताम्रपट कोरला. या पद्धतीत तांब्याचा पत्रा आधी दातेरी हत्याराने सगळा खरखरीत करतात. तसाच छापला तर कागद काळाकुट्ट होतो. मग जिथे उजेड हवा, तिथे घासून गुळगुळीत करायचे. म्हणजे चेहरे अंधारातून बाहेर काढायचे. मूळ चित्र राजाच्या संग्रहात गेले. छाप मात्र विकत मिळत. त्या दोघींचे चेहरे दूरवर पोचले आणि त्यांची गैरहजेरीही.

अँजेलिकाने उत्तर दिले ते कुंचल्याने. १७७८ ते १७८० या काळात तिने त्याच संस्थेच्या सभागृहाच्या छतासाठी चार चित्रे रंगवली. एकात एक स्त्री पुरुषाच्या भग्न पुतळ्यावरून रेखाटन करते आहे. जिवंत देह पाहायला बंदी, तर पुतळा सही! तरीही या दोघींनंतर अकॅडमीची पूर्ण सभासद होणारी स्त्री, लॉरा नाइट, निवडली गेली ती थेट १९३६ मध्ये.

तोवर आपल्याकडे चित्रकार धुरंधरांची कन्या अंबिका मुंबईच्या जे. जे. स्कूलमधून १९३१ मध्ये पदविका घेऊन बाहेरही पडली होती. तिला घरातूनच वाट मिळाली. सगळ्यांना कुठली मिळायला?

आमच्या अहेरीकडे मातीच्या घराची भिंत सारवते ती बाईच. ओल्या शेणमातीवर तिच्या बोटांचे वळसे उमटतात. वाळल्यावर तिरप्या उन्हात ते स्पष्ट दिसतात. पुढच्या सणाला त्यावर नवा हात फिरतो. लंडनच्या त्या दोघींचे निदान चेहरे भिंतीवर राहिले, नावेही राहिली. इथे भिंत तिची, हातही तिचा. नाव मात्र कुणी विचारीत नाही. ते विचारायला अकॅडमी लागत नाही.